कानावर पडेपर्यंत

“सांगू नको हां तेका. माझी आण आसा तुका,” रुक्मिणीमावशी म्हणाली आणि अंबादासचा चिखलानं भरलेला हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला.

अंबादास शाळेच्या मागच्या नळावर हात धुवायला आला होता. कोपरापर्यंत चिखल होता आणि तो कुठला हे मावशीला माहीत होतं. उजाडता उजाडता टेकडीवरच्या ढिगाऱ्यातून फायर ब्रिगेडवाल्यांनी आणि वस्तीतल्या पोरांनी मिळून तिचा नवरा बाहेर काढला होता. धाकू परब. डोक्याकडून उचलणारा अंबादास होता. मावशीनं ओळख पटवली, पोलिसांनी गाडी मागवली, धाकूचा धाकटा भाऊ मधुकर गाडीबरोबर इस्पितळात गेला. रडायला बसायची ती बाई मात्र तडक खाली शाळेत आली आणि नळावर अंबादासला गाठून उभी राहिली.

“मावशी, पण तो विचारेल ना?”

“इचारूंदे. आज तेची परीक्षा आसा. तू तेका मुलुंडाक घेवन जा. हातातला काम पुरा झाला की मग सांग. पोरग्यान ऐकल्यान नाय तवसर सुतक नाय. सुतक कानातसून लागता. एकदा कानार पडला की धा दिवस हत्याराक हात लावचो नाय, कोणाक शिवचा नाय. वरीस जायत फुकट.”

“मीच कशाला पण? तुमच्यातलं कोणी...”

“तुमच्यात ह्या नसता, म्हणान तुकाच सांगतंय. आमच्यातल्याचा तोंड बघूनच काश्याक कळात.”

अंबादासला हे लागलं. तुमच्यात नसता म्हणजे काय? आमच्यात काय बाप मरत नाहीत, की मेले तर आम्हाला वाईट वाटत नाही? खालच्या गल्लीतली माणसं जालन्याकडची, बौद्ध. सुतकबितक त्यांच्या आज्यांनीच टाकून दिलेलं. वरच्या गल्लीत कोकणातले गिरणीवाले. मधे पाण्याचा एकच नळ, आणि त्या नळावर धाकू परबनं खालच्या गल्लीला काय काय ऐकवलं होतं ते अंबादासला तोंडपाठ होतं. पण आत्ता, या बाईला, ह्यातलं काय बोलणार? कारण त्याच वेळी त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. कुंकू होतं. हातात बांगड्याही होत्या. नवऱ्याला ओळखून आलेल्या बाईनं कुंकू पुसलं नव्हतं, कारण पोराला अजून परीक्षेला बाहेर काढायचं होतं.

“बरं,” अंबादास म्हणाला.

वर्गात मावशीचा मुलगा काशीराम चटई गुंडाळत होता. चार दिवसांपूर्वी टेकडी खचली तेव्हापासून वरची गल्ली नि खालची गल्ली ह्या एकाच वर्गात झोपत होती. दरडीला कुठली आलीय वर आणि खाल? आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये हे दोघं दोन वर्षं लोखंड आवळायच्या शेजारशेजारच्या व्हाइसवर उभे होते आणि त्या दोन वर्षांत “कानस दे” आणि “घे” ह्यापलीकडे बोलले नव्हते. ह्या चार दिवसांत मात्र एका चादरीत झोपले, एका घमेल्यानं माती उपसली, आणि काल तर काशीराम त्याला “अंब्या” म्हणाला. अंबादासला ते फार आवडलं होतं. आवडलं म्हणून तर आज त्यानं नजर चटईवरच ठेवली.

“वर काय मिळालं का रे?” काशीरामनं विचारलं.

“नाही. दगड काढतायत.”

“मी सांगतो तुला, बाबा गोरेगावलाच असणार. डबल ड्युटी लागली असेल. गाड्या बंद, येणार कसे?”

गिरणीचा संप झाला, गिरणी गेली, तेव्हापासून धाकू परब गोरेगावच्या एका स्टुडिओत वॉचमन होता. मधुकाका परवाच तिथे जाऊन आला होता. गेटवरच्या माणसानं सांगितलं होतं, की परब त्या संध्याकाळी ड्युटी संपवून घरी गेले. पण काशीरामचं म्हणणं, तो माणूस नवीन, त्याला काय ठाऊक. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच.

मावशी आत आली. कुठून तरी चिमूटभर साखर तिनं पैदा केली होती. दही नव्हतं, देव नव्हते, देव्हारा टेकडीखाली. तिनं साखर पोराच्या तळहातावर ठेवली आणि चक्क हसली.

“सावकाश कर हां. घाई करू नको.”

“बाबा आले तर सांग, संध्याकाळपर्यंत येतो,” काशीराम वाकून नमस्कार करत म्हणाला.

“सांगतंय,” ती म्हणाली.

अंबादास दाराबाहेर जाऊन उभा राहिला. आत थांबला असता तर सगळं तिथंच फुटलं असतं.

फाटकाशी प्रेमा उभी होती. टेकडीच्या पायथ्याशी चाळीत राहायची, ड्राफ्ट्समनचा कोर्स करायची, तिचीही आजच परीक्षा. दरडीनंतर रोज शाळेत येऊन लहान पोरांना सांभाळायची तेव्हा ओळख झालेली. जिभेला हाड नसलेली पोरगी, पण कामाला वाघ. तिघं आग्रा रोडला लागले. विक्रोळीपर्यंत पाणी घोट्याएवढं, पुढे गुडघ्याला. काशीराम पुढे, काठीनं गटारं चाचपत. शर्टसुद्धा दुसऱ्याचा होता, बाह्या आखूड.

प्रेमानं अंबादासला मागे ओढलं.

“काय झालंय?”

“कुठे काय?”

“सकाळपासून त्याच्याकडे बघत नाहीयेस तू. मिळाले ना त्याचे वडील?”

अंबादास पाणी तुडवत पुढे निघाला. तेच उत्तर होतं, हे त्याच्यासारख्या सरळ माणसाला कळायला जरा उशीरच झाला.

“अरे देवा,” प्रेमा म्हणाली. “आणि तू त्याला परीक्षेला नेतोयस?”

“त्याच्या आईनं शपथ घातलीय.”

“आईची शपथ आईपाशी. बाप त्याचा गेलाय. सांग त्याला.”

“वर्ष जाईल त्याचं. पास झाला तर कांजूरच्या कारखान्यात लागणार आहे, साहेबांशी बोलणं झालंय. त्याच्या बाबांनीच केलं होतं ते. तीन बहिणी आहेत त्याला. आता घरात दुसरं कोण आहे कमावणारं?”

“ते सगळं खरं. पण उद्या तो तुला काय म्हणेल, विचार केलास?”

केला होता. सकाळपासून दुसरं काय करत होता तो?

कांजूरच्या अलीकडे भाजीचा एक रिकामा टेम्पो थांबला. “मुलुंड चेकनाक्याला चाललोय, या वर,” ड्रायव्हर म्हणाला. तिघं मागे चढले. केबिनची मागची खिडकी उघडी होती आणि ड्रायव्हर बोलका निघाला. बोलक्या माणसाइतकं धोक्याचं काही नसतं.

“कुठून येताय? घाटकोपर? त्या टेकडीकडचे काय? आज सकाळी आणखी एक काढला म्हणे तिथे. मार्केटमध्ये बोलत होते.”

काशीराम ताडकन वळला. “कोण? बाप्या की बाई?”

“ते काय माहीत नाय बाबा.”

काशीरामनं अंबादासकडे पाहिलं. “तू वर होतास ना? तू तर म्हणालास कोणी नाही.”

टेम्पो खड्ड्यातून गेला. अंबादासनं फळी धरली. शपथ न सांगण्याची होती, खोटं बोलण्याची नव्हती. पण चिखलात एक पाय गेला की दुसरा आपोआप जातो.

“बाई होती,” तो म्हणाला. “म्हातारी. वरच्या टोकाची. सकाळी सकाळी तुला कशाला सांगायचं म्हणून बोललो नाही.”

“कोण, कांबळीणआजी?”

“माहीत नाही. तोंड दिसलं नाही.”

काशीरामनं श्वास सोडला. “बिचारी,” म्हणाला. आणि मग, ह्याचंच अंबादासला पुढे कित्येक वर्षं सगळ्यात वाईट वाटत राहिलं, तो जरा खूश दिसला. जरा मोकळा झाला. वडिलांच्या गोष्टी सांगायला लागला. स्टुडिओत खोट्या भिंतीचा वाडा उभा केलेला, बाबा रात्री त्या वाड्याच्या ओसरीवर बसून डबा खातात, आणि घरी येऊन सांगतात की आज वाड्यावर जेवलो. प्रेमा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. अंबादास हसला, कारण गोष्ट हसण्यासारखी होती आणि न हसता राहणं शक्य नव्हतं. आपण हलकट आहोत, असं त्याला त्या हसण्यात स्पष्ट वाटलं.

वर्कशॉपमध्ये निम्मी पोरंच पोचली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लोखंडाचे तुकडे वाटले. काम नेहमीचंच पण जीव काढणारं: एका पट्टीत चौकोनी खाच पाडायची, दुसऱ्या तुकड्याचा चौकोन करायचा, आणि तो त्या खाचेत असा बसवायचा की उजेडाला धरलं तर फटीतून रेघ दिसता कामा नये. घाई केली, कानस एकदा जास्त फिरली, की संपलं. घासलेलं लोखंड परत भरता येत नाही.

काशीराम सावकाश काम करत होता. आईनं सांगितल्याप्रमाणे. चार वेळा कानस मारायची, तुकडा उचलायचा, डोळ्याशी धरायचा, परत लावायचा. त्याचा हात मुळातच चांगला. अंबादासची कानस मात्र आज कुठेही जात होती.

जेवणाच्या सुट्टीत प्रेमा धावत आली. “फाटकावर ये. त्याचा चुलतभाऊ आलाय.”

मधुकाकाचा मोठा मुलगा नंदू सायकल मारत घाटकोपरहून आला होता. नखशिखांत भिजलेला, दम लागलेला. बापाला तो अण्णा म्हणायचा.

“काश्या कुठाय? अण्णांनी पाठवलंय, घेऊन ये म्हणून.”

“मावशी काय म्हणाल्या?”

“काकी म्हणते अजाबात सांगू नको. अण्णा म्हणतात घेऊनच ये. मी मधे लटकलोय बघ.” नंदूनं तोंड पुसलं. “चार दिवसांची बॉडी आहे. डॉक्टर म्हणतो फार वेळ ठेवू नका. आणि ऐक, अजून पोस्टमॉर्टम झालेलं नाय. तोंड बघायचं तर आत्ता बघता येईल. एकदा का झालं की ते लोक शिवून, गुंडाळून देतात. मग कोण उघडत नाय.”

“सांग त्याला, अंबादास,” प्रेमा म्हणाली. “आता तरी सांग. शेवटचं तोंड आहे ते.”

“मी काय सांगू?” नंदू म्हणाला. “तूच ठरव बाबा. तू दोस्त आहेस त्याचा.”

दोस्त. चार दिवसांचा दोस्त. आणि एवढं मोठं ठरवायचं कुणी, तर त्यानं. अंबादासला संताप आला. मावशीचा आला, नंदूचा आला, टेकडीचा आला. ह्यांच्या घरातलं माणूस, ह्यांचं सुतक, ह्यांची परीक्षा, आणि ओझं माझ्या डोक्यावर, का तर आमच्यात हे नसतं. जावं आणि सरळ सांगून टाकावं. मोकळं व्हावं.

तो वर्कशॉपच्या खिडकीपाशी गेला. आत काशीराम एकटाच होता. सुट्टीत जेवायलाही उठला नव्हता. खाच झाली होती, चौकोन अर्धा झाला होता. तो खाली वाकून लोखंडाच्या भुकटीवर फुंकर मारत होता. आत्ता सांगितलं तर कानस खाली पडेल आणि परत उचलली जाणार नाही. अंबादासला ते कुंकू आठवलं. नवऱ्याच्या मातीत बरबटलेल्या अंगापासून उठून एक बाई साखर शोधायला गेली होती. तिनं काहीतरी हिशेब मांडलाच असेल ना? की पोराला बापाचं तोंड दिसणार नाही, हेही त्या हिशेबात तिनं धरलं असेल?

तो परत फाटकावर आला.

“अग्नी त्यानंच द्यायचा. तेवढं थांबवा. अण्णांच्या पाया पडतो म्हणावं, पण तेवढं थांबवा.”

“आणि तोंड?” नंदूनं विचारलं.

अंबादासनं नकाराची मान हलवली. नंदू सायकलवर बसला. प्रेमा म्हणाली, “हे तुला फार महाग पडणार आहे.” आणि तीही आपल्या वर्गाकडे निघून गेली.

दुपार कशी गेली ते अंबादासला कधीच नीट आठवलं नाही. त्याचा चौकोन खाचेत बसला, पण खुळखुळत बसला. परीक्षकांनी उजेडाला धरला आणि फटीतून खिडकी दिसली. काशीरामचा तुकडा त्यांनी उलटा करून, फिरवून, चारही बाजूंनी बसवून पाहिला. मग शेजारच्या सरांना दाखवला. काशीरामनं वळून अंबादासकडे पाहिलं आणि डोळा मारला.

फाटकाबाहेर आल्यावर अंबादास थांबला.

“काश्या, ती म्हातारी नव्हती.”

काशीराम हसतच होता. “कुठली म्हातारी?”

“सकाळी काढली ती. तुझे बाबा होते.”

काशीरामला आधी कळलंच नाही. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. बघवत नव्हतं.

“सकाळी?”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“टेम्पोत पण?”

“हो.”

काशीरामनं त्याची कॉलर धरली. अंबादास हलला नाही. एक थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं, निदान हिशेब सुरू तरी झाला असता. पण काशीरामनं कॉलर सोडून दिली आणि चालायला लागला.

“त्याच्या आईनं शपथ घातली होती,” प्रेमा मागून म्हणाली. “काशीराम, अरे आईनं तुझ्या...”

त्यानं मागे पाहिलं नाही. चेकनाक्यावर ट्रक मिळाला. तो ड्रायव्हरशेजारी बसला, हे दोघं मागे.

स्मशानात माणसं थांबली होती. मधुकाकानं निरोपाला मान दिला होता. सरणावर पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं काहीतरी होतं. काशीराम थेट तिथे गेला आणि गाठ सोडायला लागला.

मधुकाकानं हात धरला. “नको रे झिला.”

“तोंड दाखवा.”

“आता नाय बघण्यासारखा. सकाळी होता. आता नको.”

“काका, एकदाच दाखवा.”

“काश्या, ऐक माझा. त्यांनी शिवल्यानी सगळा. नको बघू.”

काशीराम त्या गाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं अग्नी दिला. अंबादास फाटकापाशी, छपराखाली उभा होता. त्याला आत यायला कोणी सांगितलं नाही आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.

दिवेलागणीला शाळेच्या व्हरांड्यात काशीरामची चटई वेगळी घातली होती. दहा दिवस त्याला कुणी शिवायचं नव्हतं, त्याचं ताट वेगळं, पाणी वेगळं. मावशी आत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं होतं. आता ती रडत होती, मोठ्यानं, सकाळचं सगळं राहिलेलं. बायका तिला धरून बसल्या होत्या. अंबादास आतून आपली पिशवी घेऊन निघाला. खालच्या गल्लीची माणसं आज दुसऱ्या वर्गात हलणार होती. चटईशेजारून जाताना त्यानं मान वर केली नाही.

“अंबादास.”

अंब्या नाही, अंबादास. तो थांबला.

“तू होतास ना काढताना?” काशीरामनं विचारलं.

“होतो.”

“कुठल्या बाजूला?”

“डोक्याकडे.”

काशीराम समोरच्या मैदानाकडे बघत होता. पाणी साचलं होतं, त्यात कुणाची तरी पोरं अनवाणी उभी होती.

“मग सांग. कसे दिसत होते?”

झोपल्यासारखे दिसत होते, असं म्हणतात सगळे. अंबादासच्याही ओठावर तेच आलं. पण दिवसभरात खोटं पुष्कळ बोलून झालं होतं, आणि हा विचारणारा आता दुसऱ्या कुणाला विचारू शकणार नव्हता.

“दाढी वाढली होती,” तो म्हणाला. “उजवा डोळा मिटलेला होता, डावा थोडा उघडा. कपाळावर इथे खोक होती. रक्त नव्हतं, धुऊन गेलेलं.”

“अजून?”

“तोंडात माती होती.”

“मग?”

“मी काढली. बोटानं.”

“सगळी?”

“सगळी. दाढेपर्यंत घालून काढली. मग तुझी आई आली.”

आतलं रडणं जरा थांबलं होतं. एक बाई काशीरामसाठी पत्रावळ घेऊन आली, लांबूनच चटईपुढे सरकवली आणि गेली. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

“बस,” काशीराम म्हणाला. “पहिल्यापासून सांग. वर गेलास तेव्हापासून.”

अंबादासनं पिशवी खाली ठेवली. चटईच्या बाहेर, फरशीवर बसला, आणि अंधारात टेकडी चढताना टॉर्च कुणाच्या हातात होता तिथपासून सांगायला लागला.